आंब्याले आंब्यानं कसं गुणाचं?

मामाजी, तुमचा फोटो मोठा करून आणला. आईंना तो पसंत नाही. तुम्ही त्यात हसताय, आणि त्यांचं म्हणणं असं, की हा माणूस असा कधी हसतच नव्हता, फोटोवाल्यानंच काहीतरी केलं आहे. मी म्हटलं, माझ्या आर्याच्या वाढदिवसाचा आहे, मी स्वतः मोबाईलवर काढला. फोटो आहे तिथेच आहे.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारासमोरचा मांडव भरला होता. तुमचे विद्यार्थी लांबून आले. एक जण बँकेत आहे, एक मलकापूरला कापसाच्या व्यापारात आहे, एक बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करतो. सगळे एकच बोलले. सरांचा हात कडक होता, सरांनी मारलं म्हणून घडलो. लोक हसले, मान हलवली. मग मला बोलायला उभं केलं. सून म्हणून चार शब्द. मी चारच बोलले आणि बसले. जे बोलले नाही ते इथे लिहिते. ते मांडवात सांगण्यासारखं नव्हतं, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते नीट समजलंही नसतं.

संजय काविळीने गेला त्यानंतरचं वर्ष तुम्हाला आठवत असेल. घरात चौघं होतो, पण बोलणं कामापुरतं. भाकरी वाढू का, मोटर बंद केली का, आर्याची फी भरली का. तुम्ही सकाळी शेतात जायचे, दुपारी ओसरीवर बसायचे, समोरच्या रस्त्याकडे बघत. तुमचा मुलगा गेला होता आणि माझा नवरा. दोघांचं माणूस एकच, पण त्याच्याविषयी आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

मग गावात आशासेविकेचं काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, की त्या पुढच्या वर्षी मुलाकडे पुण्याला राहायला जाणार, जागा रिकामी होईल, तू अर्ज कर. दहावी पास पाहिजे. मी घरी येऊन ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मंग कर ना अर्ज. तू तं दहावी हाय."

"दहावी शिकलेली हाय मामाजी. पास नाई."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला पाहायला आले तेव्हा माझ्या मामानं 'मुलगी दहावी शिकलेली आहे' असं सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"कशात राह्यली?"

"गणितात."

आई आत तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबल्याचं मला सुपाच्या आवाजावरून कळलं. मेहकरच्या हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाची सून गणितात नापास. तुम्ही विचारलं, "संजूले मालूम होतं?" मी हो म्हटलं. "त्यानं सांगितलं नाई मले," तुम्ही म्हणालात, आणि मग, "बरं केलं." त्या वर्षात तुमच्या तोंडून त्याचं नाव मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तुम्ही आर्याची जुनी पाटी घेऊन ओसरीवर बसलात. मी पदर सावरून खाली बसले. मला भीती वाटत होती. सासऱ्यासमोर चूक करायची, आणि तीही गणितात.

तुम्ही लिहिलं: क्ष + ५ = १२.

"क्ष किती?"

"सात."

"शाब्बास." खाली लिहिलं: क्ष + ३ = २०. "आता?"

उत्तर येत होतं, पण पटत नव्हतं. तुम्ही दोनदा विचारल्यावर मी म्हटलं, "सतरा येते. पण मंगानी तं क्ष सात होता."

"मंगाचा क्ष वेगळा, हा वेगळा."

"मंग नाव एकच काऊन?"

तुमचा चेहरा मला आजही दिसतो. तुम्ही रागावला नव्हता, तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू हे आधी कुठेतरी ऐकलं आहे. तुम्ही म्हणालात, "तू करत जाय. करता करता समजते." मी करत गेले. उत्तरं बरोबर येत होती. समजत काही नव्हतं. शाळेत असताना माझं हेच झालं होतं. बाकीच्या मुली बिनदिक्कत क्ष इकडून तिकडे नेत, आणि मी विचार करत बसायची, की या नेमकं कुणाला उचलून नेत आहेत.

मग आंबे आले. तुम्ही सांगितलं, अ म्हणजे आंबा समज. तीन आंबे अन् दोन आंबे मिळून पाच आंबे, तसंच तीन अ अधिक दोन अ बरोबर पाच अ. हे मला एकदम पटलं. मी भराभर बेरजा केल्या, वजाबाक्या केल्या. तुम्ही खूश. आईंना हाक मारून तुम्ही चहा सांगितला. मग गुणाकार लिहिला: ३अ × २अ.

मी पाटीकडे बघत बसले. शेवटी विचारलं, "मामाजी, आंब्याले आंब्यानं कसं गुणाचं?"

मला खरंच कळत नव्हतं. आंब्यात आंबा मिसळता येतो, आंब्यातून आंबा काढता येतो. गुणायचा कसा?

तुमचा हात पाटीवर होता. तो तुम्ही उचललात, आणि क्षणभर मला वाटलं, आता तुम्ही पाटी आपटणार. तुम्ही ती हळूच खाली ठेवलीत. चहा तसाच सोडून, चपला घालून शेताकडे निघून गेलात. आई बाहेर येऊन म्हणाल्या, "काय बोलली व तू त्याइले?" मी म्हटलं, "काही नाई, गणितातलंच इचारलं."

तुम्ही दिवस मावळायला परत आलात. पाय धुतले, ओसरीवर बसलात आणि मला बोलावलंत.

"आंबे सोडून दे," तुम्ही म्हणालात. "अ म्हणजे आंबा नाई. अ म्हणजे एक संख्या. कोणती, ते अजून सांगितलं नाई, एवढंच. समज, अ च्या जागी दोन हायेत. तीन अ किती?"

"बत्तीस."

"बत्तीस?"

"तीन अन् शेजारी दोन."

एरवी तुम्ही यावर हसला असता किंवा ओरडला असता. त्या दिवशी तुम्ही मान डोलावलीत, जणू मी बोलले त्यात तथ्य होतं. "तीन अन् अ यायच्या मधात गुणाकाराचं चिन्ह लपलेलं असते," तुम्ही म्हणालात. "लिहीत नाई, पण असते. हे मी कधी कोणाले सांगितलंच नाई. मले वाटे, दिसतेच." मग आपण केलं. तीन दुणे सहा. दोन दुणे चार. सहा चोक चोवीस. आणि दुसऱ्या बाजूने, सहा गुणिले दोनाचा वर्ग, तेही चोवीस. मी अ च्या जागी पाच ठेवून पाहिलं, दहा ठेवून पाहिलं. दर वेळी दोन्ही बाजू जुळल्या. संख्येला संख्येने गुणायला मला काहीच अडचण नव्हती.

"तीस वर्ष आंबे शिकवले मी," तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही गजाननचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. खूप वर्षांपूर्वी तुमच्या आठवीच्या वर्गात शेतमजुराचं एक पोरगं होतं. त्यानं उभं राहून हाच प्रश्न विचारला. शब्दसुद्धा जवळजवळ हेच. वर्ग हसला. तुम्हाला वाटलं, पोट्टं टिंगल करून राह्यलं. तुम्ही त्याला पट्टीनं मारलंत, आणि मारता मारता म्हणालात, जा, तुह्या बापाच्या अमराईत जाऊन इचार. त्याच्या बापाकडे एक झाडही नव्हतं, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं. वर्ग आणखी हसला. ते पोरगं दिवाळीनंतर शाळेत आलंच नाही.

"त्याले खरंच समजलं नव्हतं," तुम्ही म्हणालात. "तुह्यासारखंच."

मी दिवा लावायला आत गेले.

त्यानंतर तुमचं शिकवणं बदललं. तुम्ही आधी मला विचारायचे, मग सांगायचे. आणि एका दुपारी तुम्ही तो वयांचा तक्ता मांडलात, जो माझ्या डोक्यातून जाणार नाही. वर लिहिलं, आर्याचं वय क्ष. "आता तुहं वय क्ष वापरून सांग." मी विचार केला. आर्या झाली तेव्हा मी वीस वर्षांची होते. "क्ष अधिक वीस."

"आज आर्या दहाची. ठेव दहा."

"तीस. बरोबर."

"पुढच्या साली?"

"अकरा ठेवाचे. एकतीस." आणि मग मला ते दिसलं. "क्ष बदलते. वीस बदलत नाई."

"बदलते त्याले चल म्हणतात," तुम्ही म्हणालात. "तू मले पहिल्या दिवशी इचारलं होतं, नाव एकच काऊन. हे पाय, इथं क्ष एकच हाय, पण दरसाली त्याची किंमत वेगळी. नाव जागेचं हाय. जागेत कोण बसते, ते बदलते."

शाळेतली सगळी वर्षं मी ज्या भिंतीला धडकत होते ती तिथे नव्हतीच, असं मला वाटलं. मी पाटी ओढून घेतली आणि लिहीत सुटले. आई, क्ष अधिक अठ्ठेचाळीस. तुम्ही, क्ष अधिक त्रेपन्न. हात चालला होता म्हणून पुढे लिहून गेले. संजय, क्ष अधिक पंचवीस. आणि लगेच दहा ठेवले. पस्तीस.

संजय चौतिसाव्या वर्षी गेला होता.

मी खडू धरून बसले. तुम्हीही बघितलं होतं. तुम्ही ते पुसाल असं मला वाटलं. पुसलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "त्याच्यात आता क्ष नाई येत. चौतीस लिह." आवाज वर्गात असावा तसाच. मी पंचवीसची ओळ खोडून चौतीस लिहिले. "याले स्थिरांक म्हणतात," तुम्ही म्हणालात, आणि उठून रांजणापाशी गेलात. बराच वेळ तुम्ही हात धूत होता. हातांना खडू फारसा नव्हता.

आई आत होत्या, रडण्याचा आवाज त्यांचा आला. आपल्या दोघांचा नाही. पण तो गेला हे आपण दोघांनी एकत्र मान्य केलं ते त्या दुपारी, आणि संध्याकाळी जेवताना तुम्ही त्याची लहानपणची एक गोष्ट सांगितलीत. तो हिवरा आश्रमाच्या यात्रेत हरवला होता आणि महाप्रसादाच्या पंगतीत जेवताना सापडला होता. आर्या हसली. मग तुम्ही आणखी एक सांगितलीत.

बाहेरून परीक्षा देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायला आपण मेहकरला गेलो. काम झाल्यावर तुम्ही म्हणालात, जरा इकडून जाऊ. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जळालेल्या मोटारींना नवीन वाइंडिंग करून देणारं एक दुकान होतं. माणूस स्टुलावर बसून तार गुंडाळत होता. तुम्हाला पाहिल्यावर तो तार हातात तशीच धरून उभा राहिला.

"सर. बसा ना सर."

तो गजानन. तुम्ही कधीतरी त्याचा पत्ता काढून ठेवला होता. तुम्ही त्याला विचारलंत, पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीला तांब्याची तार किती लागते. त्यानं सांगितलं. ॲल्युमिनियमची का नको? त्यानं तेही सांगितलं. चहा आला. पाऊण गल्ली ऊन सरकेपर्यंत तुम्ही मोटरीवर बोलत होता. दोनदा तुमचे ओठ हलले, मी बघत होते, आणि दोन्ही वेळा तुम्ही बेअरिंगचं विचारलंत. आपल्या शेतातली मोटर धडधाकट होती.

बसमध्ये तुम्ही म्हणालात, "त्यानं ओळखलं मले."

"हाव. सर म्हणाला ना."

"मंग झालं."

"काय झालं मामाजी? तुम्ही बोललेच नाई."

"बोललो ना. इतका वेळ काय करून राह्यलो होतो?"

"मोटरीवर."

तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. हा आपला वाद मग कधी संपला नाही. मी म्हणायची, पुन्हा एकदा जा. तुम्ही म्हणायचे, पाहू. मी म्हणायची, दोन शब्दांचं काम आहे. तुम्ही म्हणायचे, तुले दोन वाटते.

मी पास झाले. आर्यानं मोबाईलवर निकाल काढला, मोठ्यानं वाचला. तुम्ही विचारलंत, "बीजगणितात किती?" मार्क ऐकून तुम्ही टोपी काढून डोकं पुसलंत. भूमितीचे सांगायला लागले तर म्हणालात, "भूमितीचं जाऊ दे." भूमितीत मी काठावर होते. आशाची जागा मला मिळाली. लोक विचारतात, गणिताचा कामात उपयोग झाला का. नाही झाला. बाळाचं वजन घेताना, गरोदर बाईला दवाखान्यात नेताना क्ष कुठे लागत नाही. तो मला लागणार नाही हे तुम्हालाही माहीत होतं. तरी निकालानंतरही दुपारी आपण पाटी घेऊन बसायचो, कारण तोवर आपल्याला दुसऱ्या कशावर बोलायची सवय लागलेली नव्हती. पुढे लागली.

किडन्या गेल्यावर तुम्हाला डायलिसिससाठी बुलढाण्याला नेणं-आणणं सुरू झालं. गाडी रस्त्याला लागली की तुम्ही डोळे मिटायचे. शेवटच्या महिन्यात मी एकदा विचारलं, गजाननला बोलावू का घरी? तुम्ही म्हणालात, "आजारी माणसापुढं कोणी नाई म्हणत नाई. तसं नको." मला ते पटलं. आणि पटलं म्हणून मी वादच सोडून दिला. मग तुम्ही गेलात.

पुण्यानुमोदनाला गजानन आला होता. मांडवात शेवटी बसला. लोक मार खाल्ल्याच्या गोष्टी सांगून हसत होते तेव्हा तो हसत नव्हता. सगळे पांगल्यावर तो ओसरीपाशी आला, फोटोला हात जोडले. मी त्याला बसायला सांगितलं, आणि तुम्ही सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. आंब्याचं, पट्टीचं, अमराईचं. त्या दिवशी दुकानात तुम्ही कशासाठी आला होता तेही. तुम्ही हे काम माझ्याकडे दिलं नव्हतं. मी माझ्या मनानं केलं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मले समजलं होतं ताई. मोटर जळली नसताना माणूस वाइंडिंगच्या दुकानात इतका वेळ काऊन बसीन?"

"मंग तुम्ही काऊन नाई बोलले?"

"मी काऊन बोलू?" तो शांतपणे म्हणाला. "माराचं मी कधीच इसरलो. मार तं बाकीच्यायनं बी खाल्ला. पण मी घरी जाऊन बापाले इचारलं होतं, आपली अमराई कुठं हाय म्हून. मले वाटलं, असंन. सर म्हणतात तं असंन. बाप काही बोलला नाई. उठून गेला. त्या दिवशी सर 'चुकलं' एवढं म्हणाले असते तं मी बापाले सांगतलं असतं. त्याले जाऊनही आता दोन साल झाले."

आईंनी चहा आणून ठेवला होता. त्यानं कप उचलला, पण प्यायला नाही.

"अन् ताई, त्याचं उत्तर काय होतं मंग? आंब्याचं?"

मी त्याला सांगितलं. अ म्हणजे आंबा नाही, अ म्हणजे एक संख्या, कोणती ते सांगितलेलं नाही. अ च्या जागी दोन ठेवून तीन अ आणि दोन अ चा गुणाकार करून दाखवला, मग पाच ठेवून. तो हुशार आहे. मला लागला त्याच्या निम्माही वेळ त्याला लागला नाही. त्यानं स्वतःच सात ठेवून बोटांवर हिशोब केला, मान हलवली.

"एवढंच?"

"एवढंच."

"हे तं तेव्हाच सांगता आलं असतं," तो म्हणाला.

"हाव," मी म्हटलं.

मामाजी, मी तुमची बाजू घेतली नाही. तुम्हालाच तेव्हा ते असं माहीत नव्हतं, हे मला सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण त्याच्या समोर बसून मला ते सांगावंसं वाटलं नाही. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही सांगितलं नसतं, असं मला वाटतं. चहा गार झाला होता. मी आत जाऊन दुसरा करून आणला, तो त्यानं प्यायला, आणि उजेड होता तोवर मेहकरच्या बसला गेला.